सात गड, सहा लढती

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की बैलगाडा आलाच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून घाट पुन्हा गजबजलेत. इकडची शर्यत ज्यानं पाहिली नाही त्याला वाटतं, चार गाडे शेजारी शेजारी पळत असतील. तसं नसतं. घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याच्यापुढे घोडी धावते, आणि बारी किती सेकंदांत झाली ते घड्याळ सांगतं. ठरलेल्या सेकंदांच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्यांच्यामागचे दुसऱ्या नंबरात, आणि ज्या त्या नंबराचं बक्षीस त्यातल्यांनी वाटून घ्यायचं. सगळ्यांत कमी वेळ ज्याचा, तो घाटाचा राजा. दोन गाडे एकमेकांसमोर उभे ठाकायची गरजच पडत नाही.

सातारा-सांगलीकडची रीत निराळी. तिथं मोकळ्या मैदानात गाडे एका रांगेत उभे राहून एकदम सुटतात. गटात पहिला आला तो सेमीला, सेमीत पहिला आला तो फायनलला, बाकीचे टेम्पोत बैल चढवून घरी. तिसरी रीत जत्रेतल्या आखाड्याची. पंच दोन पैलवानांना शेजारी उभं करतात, अंगापिंडानं तोलामोलाचे आहेत का बघतात आणि जोड लावतात. पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत प्रत्येक जोडीचा हिशेब तिथल्या तिथं मिटतो. जिंकलेला पुढच्या फेरीत वगैरे जात नाही, फेटा आणि इनाम घेऊन उतरतो.

या तिन्हींपैकी मित्रांच्या कट्ट्यावर चालते ती मधली, हरला तो बाद अशी. कारण कट्ट्यावरचे वाद घड्याळानं सुटणारे नसतात. कुठली मिसळ भारी, कुठलं गाणं ऐकावं, कुठला गड आधी दाखवावा, याला सेकंद नाहीत आणि वजनकाटाही नाही. ‘तुझा सगळ्यांत आवडता कुठला?’ असं विचारलं की माणूस घुटमळतो, ‘तसे सगळेच चांगले’ म्हणून सुटका करून घेतो. तेच ‘हा की तो?’ विचारा, झटकन उत्तर येतं आणि पाठोपाठ भांडणही. बाद पद्धतीची मजा सगळी इथं आहे. मोठा, न सुटणारा प्रश्न ती ‘हा की तो’च्या तुकड्यांत मांडते. अमेरिकेत दर मार्चमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलची अशी स्पर्धा असते. १९८५ पासून ६४ संघांची, आता ६८ची. तिच्यात कोण कुणाला हरवणार याचा तक्ता तिथले लोक कचेरीत, घरात, शाळेत भरत बसतात, आणि बास्केटबॉलशी काडीचा संबंध नसलेली मंडळीही बिस्किटांचे, सिनेमांचे, कार्टूनमधल्या पात्रांचे असे तक्ते मांडतात. आपण गडांचा मांडू. जुन्नर तालुक्यात बसून दुसरं काही मांडलं तर तो करंटेपणा होईल.

आता पहिला घोळ यादीचा. जुन्नरचे गड म्हटलं की तोंडावर येतात ते शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी, हनुमंतगड, नारायणगड, सिंदोळा. मोजले तर बरोबर आठ, आणि आठ हा आकडा तक्त्याला फार सोयीचा: चार लढती, मग दोन, मग एक. पण माझं म्हणणं, शिवनेरीला यात धरू नये. शिवजन्माच्या गडाविरुद्ध हात वर करणारा जुन्नरकर अजून जन्माला यायचाय. सात दरवाजे, शिवाई देवी, कडेलोट हे तर आहेच, शिवाय २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला त्यातही शिवनेरी आहे. ज्याचा निकाल आधीच ठरलेला, त्याची लढत लावून काय उपयोग? तो बाकीच्यांची निव्वळ वाट अडवतो. मान म्हणून तक्त्याच्या माथ्यावर शिवनेरीचं नाव लिहावं आणि खाली उरलेल्यांची स्पर्धा लावावी.

उरले सात. लगेच कुणीतरी म्हणणारच, निमगिरी आणि हनुमंतगड हे दोन कसे? मधे एक खिंड, खिंडीच्या दोन बाजूंना दोन माथे, एकाच दिवशी दोन्ही होतात, मग एकच धरा. तसं धरलं तर सहा उरतात. दुसरा म्हणतो, मग दुर्गवाडीचा दुर्ग का सोडला? त्यावर तिसरा, दुर्गावर गडपणाच्या खुणा शोधत बसावं लागतं. हा वाद फार ताणू देऊ नये, पण चिरडूही नये, कारण किती आणि कोण यावर पुढचं सगळं गणित उभं आहे. माझा कौल सातांना. निमगिरी-हनुमंत वेगळे, दुर्ग बाहेर. आणि पंच शक्यतो आंबेगावचा नेमावा. आंबेगावकराकडे भीमाशंकर आहे, डिंभ्याचं धरण आहे, त्या धरणाच्या पाण्याखाली गेलेलं मूळ आंबेगाव आहे, पण या यादीत त्याचा एकही गड नाही. इतका तटस्थ माणूस जुन्नरात मिळणार नाही.

सात गड असतील तर लढती किती? कागदावर तक्ता काढायला बसायची गरज नाही. प्रत्येक लढतीत एक जण घरी जातो. शेवटी एकच उरायला हवा, म्हणजे सहा जण घरी जायला हवेत, म्हणजे सहा लढती. आठ असते तर सात, ६४ असते तर ६३. तक्ता कसाही काढा, जोड्या कशाही लावा, आकडा बदलत नाही. गावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या आयोजकाला हे तोंडपाठ असतं, कारण त्यावरच मैदान किती दिवस लागेल आणि चेंडूंचे डबे किती आणायचे ते ठरतं.

अडचण येते ती जोड्या जमवताना. दोन, चार, आठ, सोळा या आकड्यांनाच तक्ता सरळ बसतो. सातांना बसत नाही, मग पुढचा सोयीचा आकडा घ्यायचा, आठ, आणि जितके कमी पडतात तितक्यांना पहिल्या फेरीत न खेळता पुढे चाल द्यायची. आठातून सात गेले, एकाला पुढे चाल. निमगिरी-हनुमंत एक धरले असते तर दोघांना. आणि हौसेनं नऊ गड घेतले तर? तेव्हा पुढचा आकडा सोळा, म्हणजे सात जणांना पुढे चाल आणि पहिल्या फेरीत बिचारी एकच लढत. म्हणून जाणते आयोजक आठ संघ भरले की नवव्याची प्रवेश फी घेत नाहीत.

पुढे चाल कुणाला, यावर शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत ठरीव उत्तर असतं. चिठ्ठ्या काढून नावं वरून खाली लिहायची, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग पाडायचे, विषम संख्या असेल तर वरच्यात एक जास्त. पहिली पुढे चाल खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या नावाला, दुसरी वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, तिसरी खालच्यातल्या पहिल्याला, चौथी वरच्यातल्या शेवटच्याला. त्यामागचा विचार एवढाच की फुकटची चाल मिळालेले एका कोपऱ्यात गोळा होऊ नयेत. ही रीत नुसत्या नशिबाची आहे. दुसरी रीत मानांकनाची. प्रत्येक मित्रानं सातही गडांना एक ते सात असे क्रमांक द्यायचे, प्रत्येक गडाच्या क्रमांकांची बेरीज करायची, ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला मानांकित. समजा क्रम आला तो असा: जीवधन, चावंड, हडसर, नारायणगड, निमगिरी, हनुमंतगड, सिंदोळा. मग जोड्या अशा लावायच्या की पहिल्या फेरीत दोघांच्या क्रमांकांची बेरीज नऊ यावी. दोन नंबरचा चावंड आणि सात नंबरचा सिंदोळा, तीनचा हडसर आणि सहाचा हनुमंतगड, चारचा नारायणगड आणि पाचचा निमगिरी. एक नंबरच्या जीवधनाला आठवा हवा, तो नाही, म्हणून त्याला पुढे चाल. पुढच्या फेरीत वरचढ वरचढच जिंकले तर बेरीज पाच येते: जीवधनासमोर नारायणगड, चावंडासमोर हडसर. पहिले दोघं समोरासमोर यायचे तर थेट अंतिम लढतीत.

मानांकनात एक खोट आहे. जो गड जास्त लोकांनी पाहिलेला, तोच वर जातो. माळशेज घाटातून मोटारीनं शंभरदा गेलेल्यानंही सिंदोळा चढलेला नसतो. न चढलेल्याला मत नाही असा कडक नियम केला, तर सिंदोळ्याला मतदारच उरत नाहीत. यावर मला पसंत पडणारा तोडगा वकिलीचा. प्रत्येक गडाला चिठ्ठीनं एक वकील नेमायचा, त्याला दोन मिनिटं द्यायची, आणि आपल्या शिवारातल्या गडाची वकिली कुणाला आली तर चिठ्ठी बदलायची. नारायणगावच्या माणसाकडे नारायणगड गेला की तो दोन मिनिटांत थांबणार नाही, हे उघड आहे.

चिठ्ठ्यांचंही तंत्र असतं. सगळ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, चारही घड्या सारख्या. वर्तमानपत्राचा कोरा काठ फाडून केल्या तर एखादी चिठ्ठी रुंद राहते आणि वाटीत बोट घातल्याबरोबर कळते. चिठ्ठी उचलायला लहान पोर बोलवायचं, ते जितकं लहान तितकं बरं. उचललेली चिठ्ठी पंचानं मोठ्यानं वाचायची आणि फळ्यावर नाव लिहून होईपर्यंत पुढची उचलायची नाही. हे सगळं अतिरेकी वाटतं, पण निकालाच्या वेळी ‘चिठ्ठीतच घोळ होता’ ही ओरड थोपवायला याशिवाय काही उपयोगी पडत नाही.

त्याहून महत्त्वाचं, लढतीचा प्रश्न काय? ‘कुठला गड चांगला?’ या प्रश्नावर मत घेतलं तर कुणी इतिहासावर देणार, कुणी वरून दिसणाऱ्या देखाव्यावर, कुणी पायथ्याशी चहा मिळतो का यावर. प्रश्न आधी नेमका बांधून घ्यावा. उदाहरणार्थ: पहिल्यांदाच जुन्नरला आलेला, चालायची सवय असलेला पाहुणा आहे, दिवाळीनंतरचा दिवस आहे, दोघांतला एकच दाखवायचा, कुठला?

या प्रश्नावर चावंड आणि हडसर समोरासमोर आले की काय होतं ते बघण्यासारखं असतं. चावंडाचा वकील सुरुवात करतो ती पायऱ्यांवरून. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून मार्ग उद्ध्वस्त केला, म्हणून मधला टप्पा कातळाला बिलगून, लोखंडी कठड्याला धरून चढावा लागतो. तिथं पाहुण्याच्या पोटात गोळा आला की अर्धं काम झालं. मग वर चामुंडेचं देऊळ, आणि एकमेकांना लागून खोदलेली सात टाकी, ज्यांना सप्तमातृकांचं नाव आहे. अहमदनगरच्या निजामशाहीतला बालवारस बहादूरशहा याच गडावर कैदेत होता. उतरताना पूरला कुकडेश्वराचं कोरीव देऊळ आहे आणि तिथंच कुकडी उगम पावते, म्हणजे अख्ख्या खोऱ्याला पाणी पाजणारी नदी एका दिवसात दाखवून होते. बिनतोड वाटतं. आता हडसरचा वकील. तो म्हणतो, तुमच्या पायऱ्या फोडल्या गेल्या, आमच्या अजून जागेवर आहेत. पेठेच्या वाडीवरून चढून खिंडीशी आलं की कातळ आतून कोरून काढलेली वाट, पायऱ्या आणि दरवाजे असं सगळं एकाच दगडात. बाहेरच्या बाजूनं आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. ज्याला धाडस हवं त्याच्यासाठी कड्यात खुंट्या ठोकलेली दुसरी वाट आहे. वर महादेवाचं देऊळ, कातळात खोदलेली कोठारं, त्यांच्याजवळ कोरलेला गणपती, आणि खाली माणिकडोहच्या धरणाचं पसरलेलं पाणी.

इथं चावंडाचा वकील विचारतो, ‘खुंटीच्या वाटेनं पाहुण्याला नेणार तू?’ हडसरवाला म्हणतो, ‘न्यायला कोण सांगतंय? खालून दाखवायची.’ पंच वेळ संपल्याचं सांगतो. मत हात वर करून घेतलं तर पहिले दोन हात कुठं गेले ते बघून बाकीचे जातात, म्हणून इथंही चिठ्ठीच. मतदारांची संख्या विषम ठेवावी, आणि ती जमत नसेल तर बरोबरीत पंचाचं मत. अशी एक लढत नीट रंगली तर पाऊण तास जातो, म्हणून सहाच्या सहा एका बैठकीत उरकू नयेत. पहिली फेरी एका संध्याकाळी, उपांत्य दुसऱ्या, अंतिम तिसऱ्या. मधल्या दिवसांत वकील मतदारांना चहा पाजतात, ते चालू द्यावं.

नारायणगड-निमगिरी ही लढतही वाटते तितकी सोपी नाही. निमगिरीच्या पायथ्याशी वीरगळ आहेत, माथ्यावर वारा आहे, आसपास माळशेजचा सगळा पसारा आहे. नारायणगड त्या मानानं बुटका आणि गावाजवळचा. पण त्याच्या बाजूलाच खोडद आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्यांपैकी १४ जवळजवळ दाटीनं उभ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. पेशवाईतला गड आणि दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी यंत्रं एकाच फेरीत दाखवता येतील अशी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. मी नारायणगडाचा वकील असतो तर निमगिरीवाल्याला भोवळ आणली असती.

आता थोडं गंभीर. समजा शेवटी तिघंच मित्र आणि तीनच गड उरले. पहिल्याची पसंती जीवधन, मग चावंड, मग हडसर. दुसऱ्याची चावंड, हडसर, जीवधन. तिसऱ्याची हडसर, जीवधन, चावंड. जोड्या लावून बघा. जीवधन विरुद्ध चावंड: पहिला आणि तिसरा जीवधनाच्या बाजूनं, जीवधन जिंकला. चावंड विरुद्ध हडसर: पहिला आणि दुसरा चावंडाकडे, चावंड जिंकला. तर मग जीवधनानं हडसरला सहज हरवायला हवं. पण हडसर विरुद्ध जीवधनात दुसरा आणि तिसरा हडसरकडे आहेत. जीवधन चावंडापेक्षा वरचढ, चावंड हडसरपेक्षा, आणि हडसर जीवधनापेक्षा! तिघांपैकी एकाचंही डोकं फिरलेलं नाही, प्रत्येकाची पसंती सरळ आहे, तरी तिघांची मिळून पसंती गोल फिरते. फ्रान्समधल्या कोंदोर्से या गणितीनं हे १७८५ मध्ये दाखवून दिलं.

बाद पद्धतीत याचा परिणाम काय होतो ते पाहा. जीवधन-चावंड आधी लावा आणि हडसरला पुढे चाल द्या: जीवधन जिंकतो, मग हडसरकडून हरतो. चावंड-हडसर आधी लावा: चावंड जिंकतो, मग वाट पाहत बसलेल्या जीवधनाकडून हरतो. हडसर-जीवधन आधी लावा, शेवटी चावंड जिंकतो. तिन्ही वेळा ज्याला पुढे चाल मिळाली तोच विजेता! मतं तीच, मतदार तेच, फक्त जोड्यांचा क्रम बदलला. ज्याच्या हातात जोड्या लावणं आहे, त्याच्या हातात गड आहे. म्हणून तर चिठ्ठ्यांच्या घड्यांवर एवढा जीव टाकायचा.

हे असं गोल फिरणं नुसतं कागदावरचं नाही. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हीकडचे विजेते किताबासाठी भिडतात. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात माती विभागात महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला हरवलं. त्या कुस्तीतल्या गुणांवरून महाराष्ट्रभर वाद झाला, तो वेगळा. किताबाच्या कुस्तीत आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या शिवराज राक्षेनं महेंद्रला चितपट केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली, आणि अंतिम कुस्तीत सिकंदरनं शिवराजला हरवलं. महेंद्र सिकंदरला भारी, शिवराज महेंद्रला, सिकंदर शिवराजला. अर्थात कुस्तीत दहा महिन्यांत माणूस बदलतो, डाव बदलतो, आणि दोन स्पर्धांचे निकाल एका माळेत ओवणं थोडं खटकतंच. पण ‘खरा केसरी कोण?’ यावर तेव्हा पारापारावर झालेल्या भांडणांत कुणीच पूर्ण चुकलेलं नव्हतं.

पहिल्या क्रमांकापेक्षा दुसरा जास्त संशयास्पद. आपल्याला वाटतं, अंतिम लढतीत हरला तो दुसरा. ‘ॲलिस इन वंडरलँड’ लिहिणारे लुईस कॅरल, म्हणजे ऑक्सफर्डचे गणिती चार्ल्स डॉजसन, यांना हे सहन होईना. १८८३ मध्ये त्यांनी टेनिस स्पर्धांच्या बक्षीसवाटपावर एक पुस्तिकाच काढली. त्यांचा हिशेब असा: ३२ खेळाडू चिठ्ठीनं बसवले, तर खरोखर दुसऱ्या क्रमांकाचा जो खेळाडू आहे तो सर्वोत्तमाच्या विरुद्ध बाजूच्या अर्ध्यात पडायची शक्यता ३१ मध्ये १६. तिकडे पडला नाही, तर त्याची आणि सर्वोत्तमाची गाठ आधीच पडते आणि तो बक्षिसाविना घरी जातो. म्हणजे जवळजवळ नाणं उडवून ठरवल्यासारखं. आठ गड चिठ्ठीनं बसवले तर ही शक्यता सातांत चार. मानांकनाची पद्धत याच दुखण्यावरचा एक उपाय आहे, तो पुरता बरा करत नाही.

खरा दुसरा हवा असेल तर वाट आहे. जे विजेत्याकडूनच हरलेले आहेत त्यांच्यातच तो असणार, कारण बाकी प्रत्येकाला विजेत्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी हरवलेलं आहे. समजा हडसर जिंकला आणि त्यानं वाटेत हनुमंतगड, चावंड आणि शेवटी जीवधन हरवले. मग दुसऱ्या क्रमांकासाठी या तिघांच्याच आणखी दोन लढती लावायच्या. एरवी गोल पसंतीचा घोळ नसेल तर उत्तर चोख येतं. स्वस्तातलं काम आहे, तरी कुणी करत नाही. अंतिम लढत झाली की मंडळी चपला शोधू लागतात.

सर्वांत न्याय्य म्हणजे साखळी पद्धत, प्रत्येकानं प्रत्येकाशी लढायचं. सात गडांच्या २१ लढती होतात. पाऊण तासाच्या हिशेबानं पावणेसोळा तास. यात नशीब कमी, पण धाकधूकही कमी. एक लढत हरली तरी पुढची असते. दोनदा हरल्यावर बाद असाही प्रकार आहे, त्यात १२ किंवा १३ लढती लागतात. मला मात्र एका हरण्यानं घरी पाठवणारी पद्धतच कट्ट्याला योग्य वाटते. न्याय हवा असेल त्यानं घाटात घड्याळ लावून बसावं.

ज्यांना वकिली नको, नुसती मजा हवी, त्यांच्यासाठी अंदाजांचा खेळ. पहिली लढत सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं कोरा तक्ता भरून पंचाकडे द्यायचा. पहिल्या फेरीतल्या बरोबर अंदाजाला एक गुण, उपांत्य फेरीत दोन, अंतिमला चार. सगळे बरोबर आले तर अकरा. सहा लढतींचे निकाल ६४ प्रकारे लागू शकतात, म्हणजे कट्ट्यावर कुणीतरी पैकीच्या पैकी गुण मिळवण्याची आशा धरता येते. अमेरिकेतल्या त्या बास्केटबॉलमध्ये ६३ सामने धरले तर तक्ता भरण्याच्या तऱ्हा होतात ९२ हजार कोटी कोटींच्या वर, नऊवर अठरा आकडे. २०१४ साली तिथं पूर्ण बरोबर तक्त्याला शंभर कोटी डॉलरचं इनाम लावलं होतं, वॉरन बफे यांच्या कंपनीनं त्याची जोखीम घेतली होती. ते इनाम कुणालाच मिळालं नाही. २०१९ मध्ये एकाचे पहिले ४९ अंदाज ओळीनं बरोबर आले, पन्नासावा चुकला. हिशेबाची हौस या मुलखालाही जुनी आहे. नाणेघाटातल्या राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांत दिलेल्या गाईंचे, हत्तींचे, नाण्यांचे आकडे कोरलेत, आणि ते आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकांच्या नमुन्यांपैकी आहेत.

इनामाचं म्हणाल तर पैसा लावू नये, मैत्री आणि खेळ दोन्ही नासतात. ज्यांचे सर्वांत कमी अंदाज बरोबर आले त्या दोघांनी मासवडी-रस्सा घालायचा, भाकरी ज्यानं त्यानं आणायची. आणि जिंकलेल्या गडावर सगळ्यांनी जायचं. मात्र जीवधन जिंकला तर पावसात हट्ट करू नये. घाटघरच्या बाजूच्या खोदीव पायऱ्या शेवाळानं निसरड्या होतात, आणि पश्चिमेच्या दरवाजात धोंडे पडलेले आहेत. जीवधनाशेजारचा वानरलिंगीचा सुळका दिवाळीनंतरच्या स्वच्छ हवेत जास्त सुरेख दिसतो. तोवर सिंदोळा उरकून यावा. पहिल्याच फेरीत तो एकाही मताविना हरला असेल, आणि त्याच्या वकिलासकट कुणीच तो चढलेला नसेल.